गोळीची वेळ आणि रोजा

सहरीची भांडी आवरताना आमच्या ओळखीतल्या एक आपा डब्याच्या तळातून गोळी काढतात आणि पाण्याबरोबर घेतात. हे फक्त त्यांच्या मुलाला ठाऊक आहे. बारा वर्षे त्या एचआयव्हीसह जगत आहेत, शिवणकामावर घर चालवत आहेत आणि डॉक्टरांना विचारून रोजेही धरत आहेत.

सरकारने १ एप्रिल २००४ पासून मोफत एआरटी उपचार सुरू केले. महाराष्ट्र पहिल्या राज्यांत होता. आज बहुतेकांना तीन औषधांची मिळून एकच गोळी दिवसातून एकदा घ्यावी लागते. ती सहरीला किंवा इफ्तारनंतर घेता येते. मात्र वेळ बदलण्याआधी एआरटी केंद्रात विचारावे. तळलेले खाऊन जळजळ झाली म्हणून अँटासिड घेत असाल, तर तेही सांगावे. काही अँटासिडांमुळे या गोळीचा असर कमी होतो.

औषध फुकट आहे, वाट फुकट नाही. ओळखीचे कोणी भेटेल या भीतीने आपा शेजारच्या जिल्ह्यातल्या केंद्रात जातात. एसटीचे तिकीट अर्धे लागते, पण दिवसाची कमाई पूर्ण बुडते. दोन वर्षांपूर्वी पित्ताशयाच्या खड्यांचे ऑपरेशन ठरले होते. रिपोर्ट पाहताच खासगी दवाखान्याने तारीख पुढे ढकलली, ती पुन्हा आलीच नाही. एचआयव्हीमुळे उपचार नाकारणे २०१७ च्या कायद्याने बेकायदेशीर ठरवले आहे, तक्रारीसाठी लोकपालाची तरतूदही आहे. आपांना हे कुणी सांगितले नव्हते. शेवटी सरकारी रुग्णालयात ऑपरेशन झाले. माहिती हवी असल्यास १०९७ हा मोफत क्रमांक आहे.

उपचारांनी रक्तातला विषाणू तपासणीत न दिसण्याइतका कमी राहिला, तर शरीरसंबंधातूनही लागण होत नाही. एका ताटात जेवल्याने तर ती कधीच होत नव्हती.

आजाऱ्याला रोज्यातून सूट आहे. सुटलेले रोजे बरे झाल्यावर धरावेत. ते शक्यच नसेल तर फिदया द्यावा. सूट अल्लाहने दिली, हिशेब मागणारे आपण कोण? 'आज रोजा नाही का?' या एका प्रश्नाच्या धास्तीने कोणी गोळी चुकवत असेल, तर तो प्रश्न न विचारणे हीसुद्धा नेकीच. आणि जकात काढताना कुणाच्या दवाखान्याच्या फेरीचा खर्च उचलता आला, तर जरूर उचलावा. कारण मात्र विचारू नये.