एका सहीचं राज्य

१४ सप्टेंबर १७७० रोजी कोपनहेगनमधून एक राजाज्ञा निघाली. डेन्मार्क आणि नॉर्वेच्या जोडराज्यात यापुढे काहीही छापण्याआधी सरकारी तपासनिसाची परवानगी लागणार नाही, असा तिचा मथितार्थ. ब्रिटनमध्ये परवान्याचा कायदा १६९५ साली मुदत संपून गेला होता. स्वीडनने १७६६ साली छापखान्यांना मोकळीक दिली, पण धर्मविषयक लिखाणावरची तपासणी कायम ठेवली. डेन्मार्कने मात्र एकही अपवाद न ठेवता सगळी सेन्सॉरशिप एका दिवसात उठवली. व्होल्टेअर इतका हरखला की त्याने डेन्मार्कच्या राजाला उद्देशून एक पद्यपत्रच लिहिलं.

ज्या राजाच्या नावे ते पत्र लिहिलं गेलं, तो सातवा क्रिस्टियान तेव्हा एकवीस वर्षांचा होता आणि गंभीर मानसिक आजाराने ग्रासलेला होता. त्याला भास होत, तो अचानक हिंसक होई, कधी तासन्‌तास गप्प बसे. आज्ञेमागचा विचार होता त्याच्या जर्मन राजवैद्याचा, योहान फ्रीडरिख स्ट्रुएन्झे याचा. त्यानंतरचे सोळा महिने म्हणजे प्रबोधनाच्या विचाराने एका राजसिंहासनावर केलेला, युरोपातला बहुधा सगळ्यात धाडसी प्रयोग.

हा प्रयोग मुळात शक्य झाला तो डेन्मार्कच्या एका जुन्या कायद्यामुळे. १६६० साली तिथल्या प्रतिनिधी सभेने आपले सगळे अधिकार राजाच्या ओटीत टाकले आणि १६६५ साली ‘राजकायदा’ लिहिला गेला. अनियंत्रित राजेशाही युरोपात ठिकठिकाणी होती, पण ती अशी कलमवार लिहून ठेवणारा देश हाच. राजाने ल्यूथरपंथी असावं, राज्याची वाटणी करू नये आणि या कायद्याला हात लावू नये, एवढीच बंधनं. बाकी त्याच्या वर फक्त देव. म्हणजे स्वतःच्या सत्तेला कात्री लावायची मुभाही राजाला नव्हती. राजा शहाणा असो की भ्रमिष्ट, त्याची सही हाच कायदा. ती सही कोणाच्या सांगण्यावरून झाली, हे विचारणारी यंत्रणाच अस्तित्वात नव्हती.

स्ट्रुएन्झे १७३७ साली हाले या जर्मन शहरात एका कडव्या धर्मनिष्ठ पाद्र्याच्या घरी जन्मला. हे हाले आपल्याला वाटतं तितकं परकं नाही. तिथल्याच विद्यापीठात शिकलेला ख्रिस्टियान फ्रीडरिख श्वार्त्स १७५० साली डॅनिश मिशनतर्फे तमिळ किनाऱ्यावरच्या तरंगंबाडीला आला. पुढे तंजावरच्या तुळजाजीराजे भोसल्यांनी दत्तकपुत्र सरफोजींना त्याच्याच हवाली केलं. वैद्यकात, ग्रंथसंग्रहात रमणारे सरफोजीराजे घडले त्यात या हालेच्या पाद्र्याचा मोठा वाटा होता. त्याच वातावरणातून बाहेर पडलेल्या स्ट्रुएन्झेने मात्र धर्माकडे पाठ फिरवली आणि तो आल्टोना या तेव्हा डॅनिश राजाच्या ताब्यात असलेल्या गावात वैद्यकी करू लागला. गोरगरिबांत हिंडताना त्याने भुकेने आणि देवीच्या साथीने मरणारी मुलं पाहिली. अर्भकांचे मृत्यू, अस्वच्छता, अडाणी उपचार यांवर त्याने लेखही लिहिले.

१७६८ साली क्रिस्टियान युरोपच्या दौऱ्यावर निघाला, तेव्हा प्रवासी वैद्य म्हणून स्ट्रुएन्झेची नेमणूक झाली. लंडन, पॅरिस असा हा दौरा. पॅरिसमध्ये दिदरोसारख्या विश्वकोशकारांशीही राजाची गाठ पडली. राजाला या वैद्याजवळ शांत वाटे आणि परतल्यावरही त्याने त्याला सोडलं नाही. राणी कॅरोलिन माटिल्डा ही इंग्लंडच्या तिसऱ्या जॉर्जची बहीण, पंधराव्या वर्षी लग्न होऊन परक्या दरबारात आलेली. तिने मात्र आधी या वैद्याला लांबच ठेवलं होतं. १७७० साली त्याने राजपुत्र फ्रेडरिकला देवी टोचल्या. जेन्नरची लस यायला अजून पाव शतक होतं. तेव्हाची पद्धत म्हणजे खऱ्या देवीच्या फोडातला पू निरोगी शरीरात घालायचा. राज्याच्या वारसाबाबत ही जोखीम घेणं सोपं नव्हतं. मूल सुखरूप राहिलं आणि राणीचा विश्वास बसला. विश्वासाचं प्रेम झालं. रूसोच्या शिकवणीप्रमाणे तो राजपुत्र अनवाणी, अंगावर जुजबी कपडे घालून, गार पाण्याने आंघोळ करत वाढू लागला.

मग हुकमांचा सपाटा सुरू झाला. डिसेंबर १७७० मध्ये सरदारांचं मंत्रिमंडळच बरखास्त झालं. खात्यांनी आपापली टिपणं लेखी पाठवायची, मंत्र्यांनी राजाला समक्ष भेटायचं नाही, निर्णय राजाच्या खासगी कचेरीतून बाहेर पडायचा, अशी नवी घडी बसली. जुलै १७७१ पासून तर स्ट्रुएन्झेच्या सहीला राजाच्या सहीइतकंच वजन आलं. दीड वर्षाच्या आत हजाराहून अधिक हुकूम निघाले. आरोपीचा छळ करून कबुली घेणं बंद. चोरीसाठी फाशी बंद. घराणं पाहून नेमणुका देणं बंद. कुळांनी जमीनदाराच्या शेतावर राबायच्या वेठीला मर्यादा. काही धार्मिक सुट्ट्या रद्द. या यादीतल्या बहुतेक गोष्टी न्यायाच्या होत्या, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. त्याला केवळ राणीचा प्रियकर आणि संधिसाधू ठरवून मोकळे होणारे लोक वेठीच्या हुकमाकडे बघतच नाहीत.

पण हे हुकूम ज्यांच्या भल्यासाठी होते, त्यांना कोणी काही विचारलं नव्हतं. हुकमांची भाषा जर्मन, राज्यातल्या बहुसंख्य प्रजेची भाषा डॅनिश किंवा नॉर्वेजियन. सणांच्या सुट्ट्या गेल्या, कचेऱ्यांतून माणसं कमी केली गेली. थकलेल्या पगारासाठी नॉर्वेजियन खलाशी थेट राजवाड्यावर चालून आले, तेव्हा दरबाराची पाचावर धारण बसली. १७७१ च्या नाताळाच्या तोंडावर राजाच्या पायदळ रक्षकांची तुकडी मोडली, तर ते सैनिकही उठले. स्ट्रुएन्झेच्या बाजूने उभा राहील असा एकही गट देशात नव्हता. सरदारांना त्याने दुखावलंच होतं, आणि ज्या शेतकऱ्यांसाठी तो झटत होता त्यांच्यापर्यंत त्याचं नाव पोचलं असेल तर ते बदनामीच्या पत्रकांतूनच.

त्या पत्रकांकडे जरा थांबून पाहायला हवं. सेन्सॉरशिप उठल्यावर कोपनहेगनच्या छापखान्यांतून स्वस्त पत्रकांचा पूर आला. डिसेंबर १७७० मध्ये ‘फिलोपात्रेयास’ म्हणजे देशप्रेमी या टोपणनावाने याकोब क्रिस्टियान बी या लेखकाने महागाई, कोर्टातली दिरंगाई आणि पाद्र्यांचं उत्पन्न या तीन विषयांवर लिहिलं आणि गावभर वाद पेटला. उत्तर, प्रत्युत्तर, त्यावर आणखी कोणाचं तिसरंच. धान्याचे भाव का चढले, वकील इतके पैसे का घेतात, पाद्री कशावर जगतात, हे प्रश्न पहिल्यांदाच चारचौघांत छापून येत होते. पाठोपाठ राणी आणि वैद्याच्या संबंधांवर ओंगळ चिखलफेकही आली. बोले विलुम लुक्सडॉर्फ नावाचा एक वरिष्ठ सरकारी अधिकारी ही सगळी पत्रकं, चांगली-वाईट न निवडता, जमवत गेला. सुमारे नऊशे पत्रकांचा तो संग्रह आज कोपनहेगनच्या राजग्रंथालयात आहे. सुधारणांच्या त्या सगळ्या हुकमांपेक्षा हा ढीग मला अधिक मोलाचा वाटतो, कारण त्यात लोक स्वतः बोलतात, चुकतात, भांडतात.

स्ट्रुएन्झेला ते झेपलं नाही. ७ ऑक्टोबर १७७१ रोजी नवा हुकूम निघाला: लेखकाचं किंवा मुद्रकाचं नाव छापलंच पाहिजे आणि मजकुराची जबाबदारी कायद्याने त्यांच्यावर. आजच्या नजरेने ही अट माफक वाटेल. पण एका हुकमाने दिलेली मोकळीक दुसऱ्या हुकमाने आखडता येते, हे वर्षभरात दिसून आलं.

१६ जानेवारी १७७२ च्या रात्री क्रिस्टियानबोर्ग राजवाड्याच्या नाट्यगृहात मुखवट्यांचा नाच झाला. पहाटे राजाची सावत्र आई युलियाना मारिया, तिचा मुलगा आणि त्यांचे साथीदार राजाच्या शयनगृहात शिरले. घाबरलेल्या क्रिस्टियानपुढे कागद ठेवले गेले आणि राणी, स्ट्रुएन्झे व त्याचा मित्र ब्रांट यांच्या अटकेच्या हुकमांवर त्याने सह्या केल्या. छापखाने मोकळे करणारा हात तोच. खटल्यात स्ट्रुएन्झेवर राणीशी संबंधांचा आरोप होताच, शिवाय राजाची सत्ता बळकावून राजकायदा मोडल्याचाही होता. ज्या कायद्याच्या बळावर त्याने राज्य केलं, त्याच कायद्याने तो गुन्हेगार ठरला. २८ एप्रिलला शहराबाहेरच्या माळावर प्रचंड गर्दीसमोर त्याचा आधी उजवा हात तोडला, मग शिर, मग धडाचे चार तुकडे केले. तो चौतीस वर्षांचा होता. राणीला घटस्फोट देऊन हद्दपार केलं. १७७५ साली जर्मनीतल्या सेले इथे तिचा तापाने मृत्यू झाला, तेव्हा ती तेवीस वर्षांची होती. तिची दोन्ही मुलं डेन्मार्कमध्येच ठेवून घेतली होती.

नव्या कारभाऱ्यांनी बहुतेक सुधारणा गुंडाळल्या आणि १७७३ साली वृत्तपत्रांवर पोलिसांचा बडगा आला. पण १४ एप्रिल १७८४ रोजी, अनवाणी वाढलेला तो राजपुत्र फ्रेडरिक, वय वर्षं सोळा, राज्यमंडळाच्या बैठकीत उभा राहिला, एक कागद वाचला आणि वडिलांकडून त्यावर सही करून घेतली. जुने मंत्री गेले. १७८८ साली, फ्रान्समध्ये बॅस्टिल पडायच्या आदल्या वर्षी, कुळांच्या घरातल्या पुरुषांना जमीनदारीशी बांधून ठेवणारा कायदा मोडला गेला. त्या कायद्याने चार ते चाळीस वर्षांच्या पुरुषांना गाव सोडता येत नसे. या वेळी काम टिकलं, कारण आयोग नेमले गेले, जमीनदारांशी वर्षानुवर्षं वाटाघाटी झाल्या, कुळांना जमीन विकत घेण्यासाठी कर्ज मिळालं. मात्र याच फ्रेडरिकच्या राजवटीत १७९९ साली छापखान्यांवर पुन्हा कडक निर्बंध आले. क्रांतीचं वारं लागू नये म्हणून.

फ्रान्सने १७८९ मध्ये मानवी हक्कांचा जाहीरनामा काढला तो निवडलेल्या सभेच्या नावाने. ती क्रांती पुढे रक्तात बुडाली हे खरं, पण हक्क देणारा राजा नव्हे, ही गोष्ट युरोपातल्या कोणत्याही दरबाराला नंतर पुसता आली नाही. डेन्मार्कला तिथवर पोचायला आणखी साठ वर्षं लागली. मार्च १८४८ मध्ये कोपनहेगनचे हजारो नागरिक राजवाड्यावर चालत गेले आणि ५ जून १८४९ रोजी राज्यघटना आली. सेन्सॉरशिप पुन्हा कधीही आणता येणार नाही, हे तिने कलम घालून लिहिलं. राजाच्या सहीला मंत्र्याची सही जोडल्याशिवाय ती ग्राह्य नाही, हेही लिहिलं. मतदानाचा हक्क मात्र तीस वर्षांवरच्या, स्वतःचं घर चालवणाऱ्या पुरुषांपुरताच ठेवला होता. बायकांना आणि दुसऱ्याच्या घरी राबणाऱ्या गड्यांना तो १९१५ साली मिळाला.