वाहनांच्या धुराचे मापन : टक्केवारीचा अर्थ

‘धूर’ हा शब्द मराठीत डोळ्यांना दिसणाऱ्या वस्तूसाठी रूढ आहे. पेट्रोलच्या मोटारीतून बाहेर पडणारा कार्बन मोनॉक्साइड मात्र रंगहीन व गंधहीन असतो; तेव्हा ‘धूरतपासणी’ हे नाव तेथे काहीसे फसवेच म्हणावे लागेल. हा अदृश्य वायू ओळखावयाचा तो त्याच्या शोषणगुणावरून. त्याचे रेणू सुमारे ४.६ मायक्रॉन तरंगलांबीचे अवरक्त किरण शोषून घेतात. वायुविश्लेषकात सायलेन्सरमधून ओढलेला वायू एका लहान कोष्ठातून वाहतो. कोष्ठाच्या एका टोकास किरणांचा उगम व दुसऱ्या टोकास संवेदक असतो. किरण जितके क्षीण होऊन पोहोचतील, तितका वायू अधिक. कार्बन डायऑक्साइड व हायड्रोकार्बन यांचे शोषणपट्टे निराळे असल्याने तेही याच रीतीने मोजता येतात. प्राणवायूसाठी मात्र विद्युत्-रासायनिक घट योजतात.

यंत्र जे सांगते ते वायूचे वजन नव्हे, नमुन्यातील त्याचा हिस्सा होय. आणि खरी अडचण येथेच आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांनुसार बीएस-४ श्रेणीच्या पेट्रोल मोटारीस, इंजिन मंदगतीने चालू असता, कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.३ टक्के आहे. समजा, एका मोटारीत ते प्रमाण वस्तुतः ०.४ टक्के आहे. तपासनळी पुरेशी आत गेली नाही, किंवा सायलेन्सरला भोक असले, आणि नमुन्यात एक चतुर्थांश बाहेरची हवा मिसळली, तर आकडा ०.३ येईल व सदोष मोटारीस प्रमाणपत्र मिळेल. यंत्राचा यात दोष नाही. त्याच्यापुढे आलेला नमुनाच भेसळीचा होता.

ही भेसळ शेजारच्या आकड्यांवरून उघडकीस येते. ज्वलन नीट होत असता कार्बन डायऑक्साइड सुमारे १५ टक्के असावयास हवा. तो ११ च्या आसपास उतरला, प्राणवायू ५ टक्क्यांच्या वर चढला आणि हायड्रोकार्बन मात्र वाढलेला नसला, तर दोष इंजिनात शोधण्यापूर्वी नळी तपासावी. चारही वायूंचे आकडे एकत्र वाचावयाचे ते यासाठी.

नायट्रोजनची ऑक्साइडे या परीक्षेत जवळजवळ दिसतच नाहीत. ती उच्च तापमानात, इंजिनावर भार असता विपुल निर्माण होतात. उभ्या मोटारीच्या इंजिनावर तो भार नसतो.