इंजिन चालू, पण दिवा पेटेना

३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. आमच्या गावात सुपारीच्या बागा आडव्या झाल्या, विजेचे खांब मोडून पडले. वीज लवकर येणार नाही, हे दुसऱ्याच दिवशी सर्वांना कळून चुकले. आमच्या घरी मोठी काळजी अब्बांच्या इन्सुलिनची. फ्रीज बंद पडलेला. तेव्हा बहिणीच्या लग्नात घेतलेला छोटा पेट्रोल जनरेटर आठवला. चार वर्षे तो पडवीत पडून होता.

मगरिबनंतर तो अंगणात काढला. जुने पेट्रोल काढून नवे भरले, ऑइल पाहिले, दोरी ओढली. सहाव्या झटक्याला इंजिन धडधडू लागले. मुलांनी टाळ्या वाजवल्या. पण बल्ब काही पेटेना. अम्मी म्हणाली, "एवढा आवाज करतो, मग उजेड का देत नाही?"

अम्मीचा प्रश्न अगदी योग्य होता. जनरेटरमध्ये इंजिन वेगळे आणि वीज तयार करणारा भाग वेगळा. इंजिन फक्त आतला रोटर फिरवते. फिरते चुंबक आणि तारेची वेटोळी यांच्यामुळे वीज तयार होते. साध्या जनरेटरमध्ये मात्र हे चुंबक कायमचे नसते. रोटरच्या लोखंडात थोडेसे चुंबकत्व शिल्लक असते, त्याच्या जोरावर सुरुवात होते. यंत्र वर्षानुवर्षे पडून राहिले की हे उरलेसुरले चुंबकत्वही नाहीसे होऊ शकते. मग इंजिन कितीही फिरले तरी वीज नाही.

पण लगेच या निष्कर्षावर येऊ नये. आधी सोप्या गोष्टी तपासाव्यात. जोडलेली सर्व उपकरणे काढावीत आणि ब्रेकर पडला असेल तर पुन्हा चढवावा. मग दुसऱ्या सॉकेटमध्ये, चांगला आहे अशी खात्री असलेला बल्ब लावून पाहावा. कित्येकदा दोष एक्स्टेंशन बोर्डात किंवा सॉकेटमध्येच असतो. इंजिन मंद चालत असेल तरी वीज कमी मिळते. आपल्याकडच्या ५० हर्ट्झ विजेसाठी यातली बरीच इंजिने मिनिटाला सुमारे ३००० फेरे घेतात. एवढे करूनही बल्ब पेटला नाही, तर दोष आत असतो. कार्बन ब्रश झिजलेले असतात, एखादी तार सुटलेली असते किंवा व्होल्टेज सांभाळणारा एव्हीआर अथवा कपॅसिटर बिघडलेला असतो. तिथे आपण हात घालू नये. इंजिन बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये वीज साठलेली राहते आणि जोराचा झटका बसतो.

त्या रात्री इन्सुलिनची बाटली घट्ट झाकणाच्या डब्यात घालून माठाच्या पाण्यात ठेवली. सकाळी शेजारच्या मोहल्ल्यातले मोटार वाइंडिंग करणारे चाचा आले. ब्रश, तारा पाहून झाल्यावर त्यांनी एव्हीआरची जोडणी सोडवली आणि १२ व्होल्टच्या बॅटरीचा प्रवाह काही क्षण रोटरच्या वेटोळ्यांना दिला. लोखंडात पुन्हा चुंबकत्व आले. जोडणी पूर्ववत करून इंजिन सुरू केले आणि बल्ब पेटला! पैसे विचारले तर म्हणाले, "मास्तर, महिन्यातून एकदा याला चालवत जा. एवढेच करा."

वाचकहो, दोन गोष्टी मात्र कधीही विसरू नका. जनरेटर घरात, पडवीत किंवा खिडकीजवळ चालवू नये. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. झोपेत माणूस कधी गेला हे घरच्यांना कळतही नाही. यंत्र मोकळ्या जागी, दारे-खिडक्यांपासून किमान २० फूट दूर असावे. दुसरी गोष्ट, जनरेटरची वायर घराच्या सॉकेटमध्ये खुपसून सगळ्या घराला वीज देऊ नये. ती वीज उलटी बाहेरच्या तारांमध्ये जाते आणि खांबावर काम करणाऱ्या वायरमनचा जीव जाऊ शकतो. आपल्यासाठी वीज आणायला आलेला तोही कुणाच्या तरी घरचा कर्ता असतो.

आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी जनरेटर अंगणात काढतो, एक बल्ब आणि पंखा लावून वीस मिनिटे चालवतो. ठेवून देण्याआधी उपकरणे काढून मगच इंजिन बंद करतो. अब्बा खुर्चीत बसून घड्याळ पाहतात आणि वीस मिनिटे झाली की हाक मारतात.