रक्ताचा कॅन्सर उलटला आणि डॉक्टर ‘ट्रायल’ म्हणाले, तर?

शिराळा भागातला कॅन्सरचा रुग्ण आधी मिरज, सांगली किंवा कोल्हापूर गाठतो. आजार अवघड असला तर पुढे मुंबईला, परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात जावे लागते. तिथे कधी डॉक्टर विचारतात, “एक ट्रायल सुरू आहे, भाग घेणार का?” घरच्यांच्या पोटात गोळा येतो. आपल्या माणसावर प्रयोग करणार की काय? म्हणून ही ट्रायल, म्हणजे औषधाची चाचणी, काय असते ते समजून घेऊ.

तीव्र ल्युकेमिया हा झपाट्याने वाढणारा रक्ताचा कॅन्सर. हाडांच्या मगजात कच्च्या, निकामी पेशी माजतात आणि चांगल्या रक्ताला जागा उरत नाही. रुग्ण फिका पडतो, ताप हटत नाही, हिरड्यांतून रक्त येते, अंगावर काळे-निळे डाग उठतात. किमोथेरपीने बऱ्याच जणांचा आजार आटोक्यात येतो. पण लहान मुलांपेक्षा मोठ्या माणसांत तो जास्त वेळा उलटतो. पहिल्या औषधांतून वाचलेल्या पेशीच पुन्हा वाढलेल्या असतात, त्यामुळे तीच औषधे तितकी लागू पडत नाहीत.

टीबीचा उपचार आपल्या वस्त्यांना माहीत आहे. सुरुवातीला चार औषधे एकत्र देतात. एका औषधाला न जुमानणारा जंतू दुसऱ्याने मरावा, हा त्यामागचा हेतू. ल्युकेमियातही हेच तत्त्व आहे. मात्र औषधे एकत्र आली की त्यांचा त्रासही एकत्र येतो. पांढऱ्या पेशी फार घटल्या तर साधा संसर्गही जिवावर बेततो. म्हणून कोणते औषध कशासोबत आणि किती द्यायचे, हे अंदाजाने ठरवता येत नाही.

चाचणी टप्प्याटप्प्याने होते. आधी थोड्या रुग्णांना कमी मात्रेपासून औषध देऊन किती सोसते ते पाहतात. मग किती जणांचा आजार आटोक्यात आला ते मोजतात. शेवटी नव्या उपचाराची नेहमीच्या उपचाराशी तुलना करतात. त्या वेळी कोणाला कोणता उपचार द्यायचा हे डॉक्टरांच्या मर्जीवर नसते, चिठ्ठी टाकावी तसे ठरते.

अशा चाचण्यांतून काय हाती आले? टाटा रुग्णालयात 1984 मध्ये मुले आणि तरुणांसाठी ‘एमसीपी-841’ ही अनेक औषधांची ठरीव पद्धत सुरू झाली. तिने पूर्वीपेक्षा अधिक रुग्ण बरे होऊ लागले आणि ती देशात इतरत्रही वापरली गेली. दुसरे उदाहरण सोमलाचे, म्हणजे आर्सेनिकचे. ल्युकेमियाच्या एका विशिष्ट प्रकारात आजार उलटलेल्या 12 रुग्णांना अमेरिकेत ते शुद्ध औषधरूपात दिले. त्यांपैकी 11 जणांचा आजार आटोक्यात आला, असे 1998 मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे ‘अ’ जीवनसत्त्वाच्या जातीतल्या औषधासोबत त्याची चाचणी झाली. 2013 मध्ये दिसले की त्या प्रकारातल्या कमी धोक्याच्या रुग्णांत ही जोडी नेहमीच्या किमोपेक्षा सरस ठरते. आज ती सुरुवातीलाच देतात. आजार उलटलेल्या रुग्णांवर झालेली चाचणी अशी पुढच्यांना उपयोगी पडली. मात्र सोमल हे विष आहे. कोणा वैदूकडून ते कधीही घेऊ नये.

चाचणी म्हणजे बरे होण्याची हमी नव्हे. काहींना फायदा होतो, काहींना होत नाही, काहींना त्रास वाढतो. म्हणूनच कायद्याने रुग्णाला हक्क दिले आहेत. 2019 च्या नियमांनुसार एथिक्स कमिटीची मंजुरी आणि सरकारी नोंदणी झाल्याशिवाय नव्या औषधाची चाचणी सुरू करता येत नाही. संमतीपत्र आपल्याला समजणाऱ्या भाषेत हवे आणि त्याची प्रत आपल्याला मिळायला हवी. रुग्णाला वाचता येत नसेल तर त्रयस्थ साक्षीदार लागतो. चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाई मिळते. रुग्ण केव्हाही बाहेर पडू शकतो, आणि ‘नाही’ म्हटले म्हणून नेहमीचा उपचार बंद करता येत नाही.

सहीआधी हे जरूर विचारा:

चाचणी कोणत्या टप्प्यात आहे? यात न गेल्यास दुसरा कोणता उपचार आहे? त्रास कोणते होतील, आणि रात्री ताप आला तर कोणाला फोन करायचा? कोणत्या तपासण्या मोफत आहेत? प्रवासाचा आणि राहण्याचा खर्च कोण देणार? मुंबईला किती वेळा यावे लागेल?

नेहमीच्या उपचारासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, त्याला भेटा. टाटामध्ये समाजसेवा विभाग आहे, तिथे राहण्याची आणि मदतीची चौकशी करा. कॅन्सरच्या रुग्णाला रेल्वे भाड्यातही सवलत मिळते.

आपल्या आधीच्या पिढ्यांनी कागद न वाचता अंगठे दिले आणि त्याची किंमत मोजली. आज घरात शिकलेला मुलगा किंवा मुलगी आहे. संमतीपत्र घरी आणा, त्यांच्याकडून मोठ्याने वाचून घ्या आणि न कळलेल्या ओळीखाली रेघ मारा. त्या प्रत्येक रेघेचे उत्तर डॉक्टरांकडून मिळाल्यावरच सही करायची की नाही ते ठरवा.