प्रोस्टेट कॅन्सर: ‘सगळ्यात चांगला उपचार कोणता?’ हा प्रश्न अपुरा का आहे

प्रोस्टेट ही पुरुषांच्या मूत्राशयाखाली असणारी, साधारण अक्रोडाएवढी ग्रंथी. मूत्रमार्ग तिच्या मधून जातो, मागे गुदाशय असतं आणि लिंगाला ताठरता देणाऱ्या नसा तिला लागूनच जातात. ही रचना लक्षात ठेवा. उपचारांचे बरेचसे दुष्परिणाम तिच्यातूनच येतात.

या ग्रंथीतला कॅन्सर अनेकदा फार हळू वाढतो. पण सगळेच कॅन्सर हळू वाढत नाहीत, आणि खरी अडचण तिथेच आहे. कॅन्सर ग्रंथीबाहेर पसरलेला नसेल तर साधारण तीन मार्ग असतात: ऑपरेशन करून ग्रंथी काढणं, रेडिएशन देणं, किंवा लगेच काहीच न करता नियमित तपासण्यांनी लक्ष ठेवणं आणि गरज पडली तरच उपचार करणं.

मग यातला चांगला कोणता? तुम्ही म्हणाल, सोपं आहे. हॉस्पिटलच्या नोंदी काढू आणि कोण किती जगलं ते मोजू. इथेच फसगत होते. ऑपरेशनसाठी सहसा तुलनेने तरुण आणि धडधाकट पेशंट निवडले जातात. ज्यांना हृदयविकार आहे किंवा वय जास्त आहे, ते दुसऱ्या गटात जातात. अशा नोंदींमध्ये ऑपरेशनवाले जास्त जगलेले दिसले, तर ते ऑपरेशनमुळे की मुळातच तब्येत चांगली होती म्हणून? नोंदींवरून हे वेगळं काढणं अवघड असतं. यावरचा भक्कम उपाय म्हणजे कोणाला कोणता उपचार मिळणार हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवायचं, म्हणजेच रँडमायझेशन.

ब्रिटनमधल्या ‘प्रोटेक्ट’ नावाच्या अभ्यासाने हेच केलं. १९९९ ते २००९ या काळात ५० ते ६९ वयाच्या ८२ हजारांहून जास्त पुरुषांची पीएसए ही रक्ततपासणी झाली. त्यातून न पसरलेला कॅन्सर सापडलेले १,६४३ जण चिठ्ठी पद्धतीला तयार झाले आणि तीन गटांत विभागले गेले.

पण जरा विचार करा. ‘तुम्हाला कॅन्सर आहे, आणि उपचार आम्ही चिठ्ठी टाकून ठरवू’, याला कोण हो म्हणेल? सुरुवातीला फक्त ३० ते ४० टक्के लोक तयार होत होते. तेव्हा जेनी डोनोव्हन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेशंटबरोबरची संभाषणं रेकॉर्ड करून ऐकली, पेशंटच्या मुलाखती घेतल्या. लक्षात आलं की तिसऱ्या पर्यायाचं ‘वॉचफुल वेटिंग’ हे नावच घात करतंय. लोकांना वाटायचं, डॉक्टर नुसते बघत बसणार आणि आपण मरणार! नाव बदलून ‘अॅक्टिव्ह मॉनिटरिंग’ केलं, तिन्ही पर्याय सारख्याच वजनाने समजावायला सुरुवात केली, आणि वर्षभरात होकार ७० टक्क्यांपर्यंत गेला. ‘मुलाखती म्हणजे काय खरं संशोधन?’ असं म्हणणाऱ्या मित्रांना हे उदाहरण जरूर सांगा.

आता निकाल. १५ वर्षांचे आकडे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रोस्टेट कॅन्सरने दगावले एकूण ४५ जण, म्हणजे शंभरात तीनपेक्षाही कमी. लक्ष ठेवण्याच्या गटात ३.१ टक्के, ऑपरेशनच्या गटात २.२ आणि रेडिएशनच्या गटात २.९ टक्के. एवढा फरक निव्वळ योगायोगानेही पडू शकतो. इतर सगळी कारणं धरली तर मृत्यू ३५६ होते. म्हणजे बहुतेकांचा मृत्यू या कॅन्सरने झालाच नाही.

इथेच थांबलात तर अर्धंच वाचलंत. कॅन्सर शरीरात इतरत्र पसरण्याचं प्रमाण बघा: लक्ष ठेवण्याच्या गटात ९.४ टक्के, बाकी दोन्ही गटांत ५ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे थांबण्यालाही किंमत आहे. उलट, सहा महिन्यांनी लघवी गळते म्हणून पॅड वापरणारे ऑपरेशनच्या गटात ४६ टक्के होते, बाकी दोन गटांत ५ टक्के किंवा कमी. लैंगिक क्षमतेलाही सगळ्यात मोठा फटका ऑपरेशनने बसला. रेडिएशनच्या गटात शौचाच्या तक्रारी जास्त दिसल्या. लक्ष ठेवण्याच्या गटातल्या बऱ्याच जणांनी पुढे उपचार घेतला, तरी साधारण पाव लोक १५ वर्षांनंतरही कुठल्याच उपचाराशिवाय हयात होते.

म्हणून प्रश्न असा विचारायला हवा: कशासाठी चांगला, आणि कोणासाठी? ज्याला शरीरात कॅन्सर आहे या विचाराने झोप लागत नाही, त्याला पॅडचा त्रास परवडेल. दुसऱ्याला नाही परवडणार. अभ्यास शक्यता सांगतो. त्यातलं काय सोसायचं हे पेशंटनेच, यूरॉलॉजिस्ट आणि रेडिएशनतज्ज्ञ दोघांशीही बोलून ठरवायचं असतं.

आणि हा निष्कर्ष कुठवर ताणायचा? यातले बहुतेक पेशंट कमी धोक्याच्या कॅन्सरचे होते आणि जवळजवळ सगळे गोरे होते. बायोप्सीआधी एमआरआय करण्याची आजची पद्धत तेव्हा नव्हती. आपल्याकडे सरसकट पीएसए तपासणी होत नाही, आणि अनेकांचा कॅन्सर पसरल्यावरच कळतो. हाडांपर्यंत पोचलेल्या कॅन्सरच्या पेशंटला ‘थांबा, काही होत नाही’ म्हणून हा पेपर दाखवणं धोकादायक ठरेल.

उपचारांची तुलना करणारा कुठलाही पेपर हातात आला की तीन गोष्टी आधी शोधा: गट कसे पाडले, कोणता परिणाम मोजला आणि किती वर्षांनी, आणि अभ्यासात नेमके कोण लोक होते. प्रोटेक्टचे १० वर्षांचे निकाल २०१६ मध्ये आले होते. ते १५ वर्षांच्या निकालांशेजारी ठेवून हे तीन प्रश्न स्वतः सोडवून बघा, चांगला सराव होईल.