चकलीचा ताळेबंद

मराठी शिकवणाऱ्या बाईने हिशेबशास्त्रावर लिहावे ही आगळीकच. माझा स्वतःचा हिशेब दुधाच्या कॅलेंडरापलीकडे कधी गेला नाही. पण 2024 च्या दिवाळीची सुटी संपली आणि आमच्या वाणिज्य विभागातल्या एका सहकाऱ्यांनी मला त्यांच्या तासाला बोलावले. ‘कीर्द’ आणि ‘खतावणी’ हे शब्द मुलांना परके वाटतात, तेव्हा त्यांची ओळख मी करून द्यावी, एवढेच निमित्त.

मी पुण्याच्या पेशवे दफ्तरातल्या रोजकीर्दीच्या रुमालांपासून सुरुवात केली. रोजचा व्यवहार तारखेवार उतरवायचा ती कीर्द, आणि तोच मग ज्याच्या त्याच्या खात्यावर मांडायचा ती खतावणी. वर्ग शांत होता. झोपेआधीची ही शांतता मी चांगली ओळखते.

सहकाऱ्यांनी मग नियम विचारले. सारा वर्ग पाढे म्हटल्यासारखा म्हणाला, घेणारा नावे, देणारा जमा; येणारी वस्तू नावे, जाणारी जमा; खर्च-तोटा नावे, उत्पन्न-नफा जमा. एक अक्षर चुकले नाही. “छान. आता सांगा, कुणाच्या घरी धंदा आहे?”

मागच्या बाकावरून एक हात वर आला. मुलगी म्हणाली, “आईने दिवाळीला चकली करून विकली, सर. चाळीस किलो, चारशे रुपयांनी. सगळी खपली. पण पंधरा हजार घातले आणि हातात सातच राहिले. आठ हजार बुडाले म्हणते. पुढच्या वर्षी करायची नाही म्हणते.”

पुस्तक मिटले गेले. सहकाऱ्यांनी वर्गाचे तीन गट केले. एक गट आई झाला, एक वाणी, एक गिऱ्हाईक. मुलगी एकेक व्यवहार सांगे आणि प्रत्येक गट तो आपापल्या वहीत लिही. पीठ-तेल-गॅस-पिशव्या नऊ हजार, रोखीने. मोठी शेगडी चार हजार. विक्री सोळा हजार. पैकी रोख पाच, उधारी अकरा.

अकरा हजारांवर ठिणगी पडली. आईच्या गटाने लिहिले, ‘गिऱ्हाईक नावे’. गिऱ्हाइकांच्या गटाने लिहिले, ‘आई जमा’. एकच रक्कम, एकाकडे डावीकडे, दुसऱ्याकडे उजवीकडे! दोन मुले हमरीतुमरीवर आली. माझ्या वर्गात अलंकारांवरून असे कधी कोणी भांडले नाही. सर मात्र निवाडा करीनात. “वह्यांची अदलाबदल करा आणि वाचा,” एवढेच म्हणाले. पाच मिनिटांनी त्यांतलाच एक पुटपुटला, “अरे, वही कुणाची ते आधी बघायचं!” नियम वर्षभर पाठ होता, कळला तो तेव्हा.

नंतरचा वाद शेगडीचा. ती खर्चात टाकली होती. “शेगडी काय चकलीबरोबर तळून खाल्ली?” कोणीतरी ओरडले. ती पुढच्या दिवाळीलाही आहे, म्हणून मालमत्तेत गेली. झीज तूर्त बाजूला ठेवली. उरलेले तेल पाचशेचे. मग फळ्यावर ताळेबंद उतरला. रोख सात हजार, येणे अकरा, शेगडी चार, तेल पाचशे, एकूण साडेबावीस हजार. दुसऱ्या बाजूला भांडवल पंधरा, आणि म्हणून नफा साडेसात. आईचे काही बुडाले नव्हते. ते लोकांच्या घरी अडकले होते.

लुका पाचोलीने 1494 साली व्हेनिसमध्ये द्विनोंदी पद्धत छापली, तीही स्वतः शोधून नव्हे. तिथले व्यापारी लिहीत होते तेच त्याने मांडले. दुकानातून पुस्तकात आलेली विद्या माझ्यासमोर पुन्हा स्वयंपाकघरात निघाली होती.

मुलीचा चेहरा उजळला, पण क्षणभरच. “सर, आईची मजुरी कुठे लिहायची? बारा दिवस, रोज दहा तास.” सर थोडे थांबले. मालकाची स्वतःची मेहनत खर्चात धरत नाहीत; नफा हाच तिचा मोबदला, असे त्यांनी सांगितले. कोणीतरी मोबाइलवर भागाकार केला. तासाला साडेबासष्ट रुपये. वर्ग एकदम गप्प झाला, आणि ही शांतता झोपेची नव्हती.

“उधारी वसूल तरी करू,” म्हणून मुलगी येण्यांची यादी वाचू लागली. सोसायटी. मावशी. मामाचे ऑफिस. “कॉलेज स्टाफ, आठ किलो, तीन हजार दोनशे.” वाचताना तिने माझ्याकडे पाहणे टाळले. आमच्या स्टाफरूममध्ये फराळाची यादी फिरली तेव्हा मी दोन किलो लिहून दिली होती. यादी कुणाच्या घरची, हे विचारलेही नव्हते. पैसे ‘नंतर देते’ म्हटले होते.

मी पर्स उघडली. आठशे रुपये पुढे केले तर ती म्हणाली, “थांबा मॅडम,” आणि आधी वहीत तारीख घातली. मग लिहिले: रोख नावे, कॉलेज स्टाफ जमा.