विश्लेषण : तीन पात्यांच्या चाकूत हवे तेच पाते का मिळत नाही?

चाकू म्हटले की आपल्याकडे हिंदी सिनेमातला रामपुरी डोळ्यांसमोर येतो. अमेरिकेत खिशात बाळगला जाणारा पारंपरिक चाकू त्याहून फार साधा. तो नखाने, दोन्ही हातांनी उघडायचा. उघडल्यावर पाते अडकून राहील असा खटका त्यात नसतो. मात्र एकाच मुठीत दोन, तीन, कधी चार पाती असतात आणि विकत घेणाऱ्याची अडचण इथेच सुरू होते. तीनपैकी दोन पाती रोज लागतात, तिसरे कधी उघडलेच जात नाही.

पात्यांची जोडी ठरली कशी?

सर्वांत परिचित प्रकार म्हणजे ‘स्टॉकमन’, अर्थात गुरे पाळणाऱ्याचा चाकू. त्यातले मोठे पाते ‘क्लिप’. त्याची पाठ टोकाजवळ कापून काढल्यासारखी असते, त्यामुळे टोक अणकुचीदार होते. दुसरे ‘शीपफूट’. त्याची धार सरळ रेषेत आणि पाठ खाली उतरलेली असते. टोक खुपसले जाण्याची भीती कमी असल्याने ते दोर कापायला, खूर साफ करायला सोयीचे.

तिसरे ‘स्पे’. बोथट टोकाचे हे पाते वासरे आणि इतर नर जनावरे खच्ची करण्यासाठी होते. काही जुन्या चाकूंच्या स्पे पात्यावर ‘फक्त मांसासाठी’ अशा अर्थाचे शब्द कोरलेले दिसतात. जखमेला लागणारे पाते तंबाखू किंवा दोरी कापून खराब करू नका, एवढाच त्याचा अर्थ. ‘ट्रॅपर’ या प्रकारात क्लिप आणि लांब स्पे अशी दोनच पाती असतात. फरसाठी प्राणी पकडणाऱ्यांना कातडी सोलायला ती पुरत.

आज हा चाकू घेणारा पार्सल उघडतो, सफरचंद चिरतो, फार तर लाकूड तासतो. त्याला शीपफूट हवे असते. स्पे मात्र परंपरा म्हणून सोबत येते.

मग पाते बदलून का घेता येत नाही?

मुठीच्या पाठीत पोलादी पट्टीची स्प्रिंग असते. पात्याचे मूळ या पट्टीवर दाबून बसते. पाते फिरताना पट्टी वाकते आणि पाते जागेवर आले की ‘टक्’ असा आवाज येतो. बहुतेक स्टॉकमनमध्ये तीन पाती दोनच पट्ट्यांवर चालतात. मिटलेली पाती एकमेकांना घासू नयेत म्हणून ती कारखान्यातच किंचित तिरकी वाकवतात. दुसऱ्या चाकूचे पाते बसवायचे तर रिव्हेट काढावे लागतात. मुळाचा आकार जरासा चुकला तरी मिटताना धार पट्टीवर आपटते.

स्पे घासून तिला शीपफूटचा आकार देणारेही आहेत. यंत्रावर घासताना पाते तापून निळे पडले, की पोलादाचे पाणी उतरते आणि धार टिकत नाही. हाताने, पाण्यात बुडवत घासले तर जमते. पण हा उद्योग महाग चाकूवर करू नये.

हवी ती जोडी शोधायची कशी?

आधी नावाने. शीपफूट आणि छोटे ‘पेन’ पाते हवे असेल तर ‘काँग्रेस’ हा प्रकार पाहावा (आपल्याकडच्या पक्षाशी संबंध नाही). काही स्टॉकमनमध्ये स्पेऐवजी चामड्याला भोक पाडणारा ‘पंच’ असतो.

नंतर क्रमांकाने. पेनसिल्व्हेनियातील ब्रॅडफर्डच्या ‘केस’ कंपनीचा क्रमांक वाचता आला तर निम्मे काम होते. ६३१८ मध्ये ६ म्हणजे हाडाची मूठ, ३ म्हणजे पात्यांची संख्या आणि १८ हा सांगाड्याचा क्रमांक. हा झाला मिटल्यावर ३ ५/८ इंच भरणारा मध्यम स्टॉकमन. ६२५४ म्हणजे दोन पात्यांचा ट्रॅपर. जुन्या याद्यांत आकड्यांपुढे अक्षरे दिसतात : ‘एसएच’ शीपफूट, ‘एसपी’ स्पे, ‘पीयू’ पंच. म्हणजे एकेकाळी एकच सांगाडा पात्यांच्या वेगवेगळ्या जोड्यांत निघत असे. आज नको असलेली स्पे गळ्यात पडते, तिचा उपाय बहुधा या जुन्या मालातच आहे.

नवा माल कमी होण्याचे एक कारण म्हणजे बंद पडलेले कारखाने. ‘ओल्ड टाइमर’ चाकू बनवणारी न्यूयॉर्क राज्यातील इम्पीरियल श्रेड २००४ मध्ये बंद झाली, तिथलीच कॅमिलस २००७ मध्ये. टायटसव्हिल गावात २००६ मध्ये सुरू झालेली ग्रेट ईस्टर्न कटलरी मात्र जुने आकार पुन्हा बनवते.

जुना चाकू घेताना काय पाहावे?

केसच्या चाकूचे वर्ष पात्याच्या मुळाशी लिहिलेले असते, टिंबांत. १९७० च्या चाकूवर दहा टिंबे होती, पुढे दरवर्षी एक कमी झाले. सात टिंबे असली तर १९७३. १९८० मध्ये पुन्हा दहापासून मोजणी सुरू झाली, पण अक्षरांचे वळण बदलले. फोटोत पात्याची रुंदी नक्की पाहावी. वर्षानुवर्षे धार लावून पाते अरुंद झाले असेल, तर शीपफूट आणि स्पे ओळखणेही कठीण जाते.

कायद्याचे काय?

ब्रिटनमध्ये अडकून न राहणारा, तीन इंचांपर्यंत धारेचा घडीचा चाकू सबळ कारणाशिवायही जवळ बाळगता येतो. हे जुने चाकू तिथे टिकण्यामागे हेही एक कारण आहे. भारतात शस्त्र नियमांची मर्यादा नऊ इंच लांबी किंवा दोन इंच रुंदीपलीकडच्या पात्यांची आहे आणि घरगुती वा शेतीकामाची अवजारे त्यातून वगळली आहेत. मात्र महाराष्ट्रात सण-निवडणुकांच्या काळात पोलीस कलम ३७ (१) खाली बंदी आदेश काढतात, तेव्हा सार्वजनिक ठिकाणी चाकू खिशात ठेवू नये. विमानप्रवासात तो केबिन बॅगेत नव्हे, चेक-इन सामानातच ठेवावा.